डिस्क मेली की कॉम्प्युटर मेला? वाचकांचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर खाली येतात आणि आमच्याकडे मेल यायला लागतात, यंदा तर एवढे आलेत की प्रिंटर, वायफाय वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. वाईट एवढंच वाटतं की निम्म्या लोकांनी विचारायच्या आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं, कुणी फॉरमॅट मारलेला, कुणी स्क्रू काढून डिस्क उघडून बघितलेली. म्हणून प्रश्नांच्या आधीच सांगून टाकतो, डिस्कमधलं काही हवं असेल तर तिच्यावर नवीन काहीही लिहू द्यायचं नाही, आणि ती विचित्र आवाज करत असेल तर चालूच करायची नाही. बाकी एकेक बघू.

सर, आमच्या ह्यांचा २००४ सालचा कॉम्प्युटर माळ्यावर होता. त्यात मुलाच्या मुंजीचे फोटो आहेत, ह्यांनी लिहिलेली प्रवासवर्णनं आहेत आणि मुलीच्या लग्नाची सीडी पण कॉपी केली होती. हे आता नाहीत. बटण दाबलं की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते. इथला दुकानदार म्हणतो, काकू, भंगारात द्या, यातलं काही मिळणार नाही. खरंच का हो?
– निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड

काकू, भंगारात अजिबात देऊ नका. तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय, डिस्क बंद पडलीय असं अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही. पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी म्हणजे बहुतेक वेळा मदरबोर्ड, रॅम नाहीतर डिस्प्ले कार्ड गेलेलं असतं, आणि फोटो त्यातल्या कशातच नसतात. ते असतात हार्ड डिस्कमध्ये, वहीच्या निम्म्या आकाराची चपटी धातूची पेटी असते ती, चार स्क्रू काढले की बाहेर येते.

एक विनंती, तो कॉम्प्युटर आता परत परत चालू करून बघू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायचा, काही भरवसा नाही, त्यानं चुकीचा व्होल्टेज दिला तर चांगली डिस्क पण जाईल.

२००४ ची डिस्क म्हणजे बहुतेक आयडीई या जुन्या जोडणीची असणार, मागे ४० पिनांची रुंद पट्टीसारखी केबल असते ती. साटा ही नंतरची, बारीक केबलची जोडणी २००३ पासून यायला लागली होती पण आपल्याकडे घरोघरी पोचायला वेळ लागला. आताच्या लॅपटॉपला ही डिस्क सरळ लागत नाही, त्यासाठी ‘यूएसबी टू साटा-आयडीई’ नावाचा अडॅप्टर मिळतो, ऑनलाइन पण आहे आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर सर्रास, किंमत हजाराच्या आसपास. घेताना एकच बघा, त्याच्यासोबत पॉवरचा वेगळा अडॅप्टर पाहिजे, कारण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून मिळतात फक्त ५. नुसती वायर घेतली की डिस्क फिरतच नाही आणि लोक म्हणतात मेली. आणि मागे पिनांच्या शेजारी जंपर नावाचं छोटं प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते ‘मास्टर’वर ठेवायचं, कुठं लावायचं त्याची आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते.

डिस्क दिसायला लागली की फोटो शोधायला ‘माय डॉक्युमेंट्स’ असं काही समोर येणार नाही. त्या काळच्या विंडोज एक्सपीत सगळं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये, त्यात तुमच्या ह्यांच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स. तिथं ‘ॲक्सेस डिनाइड’ असा मेसेज आला तर घाबरू नका, ते नुसतं जुन्या विंडोजचं कुलूप आहे, उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू केलं की ते कुलूप मानतच नाही आणि डिस्कवर काही लिहायला पण लागत नाही. भाच्या-पुतण्यांत कुणीतरी हे करणारा असतोच. फक्त फाइलींची नावं हिरव्या रंगात दिसत असतील तर त्या विंडोजनं एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक करून कुलूपबंद केलेल्या, असतात, तिथं मामला अवघड आहे, पण घरगुती कॉम्प्युटरवर असं क्वचित.

डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह पण उघडून बघा. त्या काळात दुकानदार विंडोज परत टाकायला यायचा तेव्हा सी उडवायचा, म्हणून शहाणी माणसं फोटो डी मध्ये ठेवायची. आणि लग्नाची सीडी कॉपी केली असेल तर ‘एमपीइजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये शेवटी डॅट असलेल्या मोठ्या फाइली असतील, डबल क्लिक केल्यावर त्या उघडत नाहीत म्हणून लोक खराब समजून डिलीट करतात! त्या व्हिडिओ सीडीच्या फाइली आहेत, व्हीएलसी प्लेअरमध्ये ओढून टाका, बहुतेक चालतील. तशा डिस्का तेव्हा ४० नाहीतर ८० जीबीच्या असायच्या, तेव्हा निवडत बसूच नका, सगळीच्या सगळी उचलून नव्या डिस्कवर कॉपी करा आणि मग निवांत बघा.

दादा, एक्सटर्नल हार्ड डिस्क टेबलावरून खाली पडली, आता लावली की टिक टिक टिक असा आवाज येतो आणि दिसत नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि सगळे ट्रेकचे फोटो त्यात आहेत. यूट्यूबवर एकजण सांगतोय की झिपलॉकमध्ये घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. करू का?
– विद्यार्थी, नागपूर

नको रे बाबा. फ्रीझर नको, हळूच आपटून बघणं नको, ‘एकदा शेवटचं लावून बघतो’ हे तर अजिबातच नको.

आत काय चाललंय ते समजून घे म्हणजे मोह होणार नाही. आत आरशासारख्या चकत्या असतात, लॅपटॉपवाल्या डिस्कमध्ये त्या साधारण मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, आणि वाचणारं हेड त्यांच्यावर टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपल्या डोक्याचा केस ८०-९० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज कर. डिस्क पडली की हे हेड वाकतं किंवा तुटतं, मग ते चकतीवरच्या खुणा शोधतं, सापडत नाहीत, परत जागेवर जातं, परत शोधतं, तीच तुझी टिकटिक. आणि हेड तुटलेलं असेल तर प्रत्येक फेरीला ते चकती खरवडतंय. खरवडून भुकटी झालेला फोटो जगातली कुठलीच लॅब परत आणू शकत नाही.

फ्रीझरची आयडिया जुन्या डिस्कांच्या काळातली, काही ठरावीक बिघाडांत धातू आकसल्यामुळे कुणाची पाच मिनिटं चाललीही असेल. पण बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं आणि त्या दवावरून हेड फिरवायचं म्हणजे आहे ते पण घालवायचं.

तुझी केस लॅबचीच आहे. ते लोक धूळ गाळलेल्या क्लीन रूममध्ये डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चालू डिस्कची हेड काढून तुझ्या डिस्कला बसवतात आणि चालतील तेवढ्या वेळात सगळं कॉपी करून घेतात. खर्च पाच आकडी होतो, खोटं कशाला सांगू. म्हणून आधी ठरव की तेवढ्या किमतीचं आत काही आहे का. कॉलेजच्या नोट्स मित्रांकडे असतील, प्रोजेक्ट गाइडच्या मेलमध्ये असेल, ट्रेकचे फोटो ग्रुपवर टाकले होतेस ना, ते गोळा करून बघ, काय उरतं त्यावर ठरव. घाई नाहीये. बंद डिस्क कपाटात वर्षभर पडून राहिली तरी आणखी बिघडत नाही.

लॅबवाल्याला फोन करशील तेव्हा विचार की डेटा मिळाला नाही तर पैसे घेता का, डिस्क तुम्ही स्वतः उघडता की दुसरीकडे पाठवता, आणि पैसे भरायच्या आधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवाल का. जो फोनवरच ‘शंभर टक्के निघेल’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

बाकी नशिबाची साथ असली तर काय काय वाचतं याचं एक उदाहरण सांगतो. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना आकाशात फुटलं, आपली कल्पना चावला होती त्यात. त्या यानावर एका प्रयोगाची माहिती साठवणारी ४०० एमबीची साधीशी हार्ड डिस्क होती, ती टेक्सासमध्ये एका कोरड्या तळ्यात सापडली, जळून विद्रूप झालेली, ओळखू येत नव्हती. पण आतल्या चकत्यांवर जिथं डेटा होता तो भाग शाबूत निघाला, त्या साफ करून दुसऱ्या पेटीत बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती मिळाली, २००८ मध्ये त्या प्रयोगाचा पेपर छापून पण आला. पेटीचे हाल कसेही होवोत, चकती शाबूत पाहिजे. तुझी आत्ता शाबूत असू शकते, आणखी दहा वेळा लावून बघितलीस तर सांगता येत नाही.

लॅपटॉपमधून ऑफिसचं फोल्डर शिफ्ट-डिलीट झालं. एसएसडी आहे. रिकुव्हा हे डिलीट झालेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, फाइलींची नावं दिसतात पण उघडल्या तर रिकाम्या. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं आहे?
– अकाउंट्स असिस्टंट, ठाणे

कुठलंच नाही. एसएसडीत, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची सोय असते, फाइल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवतं की एवढी जागा आता नको आहे आणि एसएसडी ती थोड्या वेळात आतून पुसून टाकते. नाव उरतं, पोट रिकामं. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये डिलीट केलेलं बराच काळ तसंच पडून असायचं म्हणून सगळ्यांना वाटतं रिकव्हरी म्हणजे सॉफ्टवेअरचा खेळ. पैसे भरून सॉफ्टवेअर घेऊ नका. वनड्राइव्हचा रिसायकल बिन बघा (तो वेबसाइटवर वेगळा असतो), पाठवलेल्या मेलच्या अटॅचमेंट बघा, ऑफिसच्या सर्व्हरवर बॅकअप असेल तर आयटीवाल्याला गाठा.

चिपळूणला आमचं हार्डवेअरचं दुकान. २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी आलं तेव्हा काउंटरचा कॉम्प्युटर पूर्ण बुडाला होता. डिस्क काढून, धुऊन, उन्हात वाळवून तांदळाच्या डब्यात ठेवलेली आहे. टॅलीचा सगळा जुना हिशोब त्यात. इतक्या वर्षांनी काही निघेल का? लावून बघायचा धीर झाला नाही.
– दुकानदार, चिपळूण

भाऊ, धीर झाला नाही ते फार बरं झालं.

हार्ड डिस्क हवाबंद असते असं लोकांना वाटतं पण बहुतेक डिस्कांना हवेसाठी एक बारीक भोक असतं, झाकणावर लिहिलेलं पण असतं की हे बंद करू नका. (नव्या मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्का तेवढ्या पूर्ण बंद असतात, पण त्या दुकानाच्या काउंटरवर नसतात.) त्या भोकाला फिल्टर असतो, तो धूळ अडवतो, पाण्याखाली तासन् तास राहिल्यावर पाणी अडवत नाही. म्हणजे २२ जुलैचं ते गढूळ पाणी आत गेलं असेल असंच धरून चालायचं. पाणी उडून जातं, गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून राहतात. त्याच्यावर हेड फिरलं की संपलं.

तांदूळ बाहेरची ओल ओढतात, आतला गाळ काही ओढत नाहीत. खरं तर भिजलेली डिस्क वाळवायचीच नसते. आता तुमचं होऊन गेलं, पण कोकणात आणि सांगली-कोल्हापूरकडे हे परत परत होतंय म्हणून बाकीच्या वाचकांसाठी लिहितोय, पुरात भिजलेली डिस्क ओली असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि तशीच लॅबकडे पाठवायची, गाळ ओला असताना तो साफ करणं सोपं जातं. वाळलेली पण साफ होते, फक्त काम जास्त आणि खात्री कमी.

पण तुम्हाला लॅबकडे जायची गरज आहे का हेच मला आधी विचारायचंय. हिशोब टॅलीचा आहे ना, मग तुमच्या सीएकडे दरवर्षी ऑडिटला पेनड्राइव्हवर बॅकअप जात असणार. त्यांच्या ऑफिसात कुणालातरी तुमच्या नावाचं फोल्डर शोधायला सांगा, टॅलीच्या बॅकअप फाइलीचं नाव टीबीकेनं सुरू होतं, किंवा नुसता पाच आकडी नंबर असलेलं, १०००० वगैरे, असं फोल्डर असेल तर तोच कंपनीचा डेटा. जीएसटीची साधारण गेल्या सात वर्षांची रिटर्न्स पोर्टलवर सापडतील. येणं-देणं कुणाकडे किती होतं ते तर एवढ्या वर्षांत तुम्ही वहीवर मिटवलंच असेल. यातून जे सुटलंय ते खरंच हवं असेल, तर डिस्क लॅबला द्या, आणि देताना पुराचं पाणी होतं हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर तिथला पोरगा आधी प्लग लावून बघायचा.

पोर्टेबल डिस्क लावली की विंडोज म्हणतं ‘वापरायच्या आधी फॉरमॅट करा’. आवाज वगैरे काही नाही. फॉरमॅट केल्यावर सॉफ्टवेअरनं डेटा परत येतो असं ऐकलं, मग करू का? की विंडोजचं चेकडिस्क चालवू?
– फोटोग्राफर, अहिल्यानगर

दोन्ही नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजला डिस्क दिसतेय पण आतली मांडणी वाचता येत नाही, म्हणून ते बापडं फॉरमॅट सुचवतं, ‘कॅन्सल’ दाबायचं. क्विक फॉरमॅटमध्ये बराचसा डेटा खाली राहतो हे खरं, पण क्विकची टिक राहून गेली तर गेलात, विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो आणि त्याखालचं काहीच परत येत नाही. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा ताळमेळ बसवणं, तुमचे फोटो वाचवणं नाही, ताळमेळ बसवताना ते फोल्डरच्या फोल्डर तोडून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात तुकडे टाकून देतं, आणि डिस्क आतून खराब होत असेल तर तासन् तास त्याच खराब जागी रगडत बसतं.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून डिस्कची तब्येत बघा. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या, ०५, सी५ आणि सी६. त्यांच्यासमोर ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्य सोडून काही असेल तर डिस्क जागा गमावतेय. सी७ वाढलेला असेल तर बहुतेक वेळा केबलची तक्रार असते, केबल बदलून बघा, कित्येकांचं तिथंच काम होतं.

तब्येत बिघडलेली असेल तर फाइली शोधायच्या भानगडीत पडायच्या आधी अख्ख्या डिस्कची इमेज काढायची, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर एका फाइलीत. यासाठी जीएनयूचं डीडीरेस्क्यू याला तोड नाही. सिस्टिमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकलं की त्यात ते तयारच असतं. त्याची खुबी अशी की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्या थोड्या थोड्या करून वाचायचा प्रयत्न करतं. कुठंपर्यंत आलं ते मॅप फाइलीत लिहून ठेवतं त्यामुळं मध्येच लाइट गेली, डिस्क गरम झाली, तर थांबवून उद्या तिथूनच पुढं चालू करता येतं. मॅप फाइल दिली नाही तर ही सगळी मजा गेली, तेव्हा ती द्यायचीच.

इथं हात थरथरायला पाहिजेत अशी जागा एकच, कमांडमध्ये आधी मूळ डिस्क आणि नंतर इमेज. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या लग्नाच्या ऑर्डरींवर लिहिली जाते. डिस्कांची नावं आणि साइज दोनदा ताडून बघा, शक्यतो दोन वेगळ्या साइजच्या डिस्का घ्या म्हणजे गोंधळ होत नाही. इमेज ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

इमेज झाली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. आता काय प्रयोग करायचे ते इमेजवर. टेस्टडिस्क पार्टिशन शोधून देतं, नशीब असेल तर फोल्डर नि नावांसकट सगळं दिसतं. ते जमलं नाही तर त्याचाच भाऊ फोटोरेक, हा फाइल सिस्टिम बघतच नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात कशी असते ते ओळखून उचलतो, कॅमेऱ्यांच्या बऱ्याच रॉ फाइली पण ओळखतो. दोन्ही फुकट आहेत. फक्त फोटोरेकमध्ये मूळ नावं आणि फोल्डर जातात, हजारो फोटो नुसत्या नंबरांनी येतात. ते बघून रडू येतं पण फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं तारीख लिहिलेली असते, कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये तारखेनं लावले की लग्नाचा मुहूर्त बघून कुणाचा अल्बम ते कळतं, तुम्हाला तर तोंडपाठ असेल.

इमेज काढताना डिस्क टिकटिक करायला लागली तर मात्र तिथंच थांबा आणि वर नागपूरच्या मित्राला लिहिलंय ते वाचा.

घाईत एक्सटर्नल डिस्कला लॅपटॉपचा चार्जर लावला, पिन बसली म्हणून. आता डिस्क एकदम गप्प, फिरतच नाही.
– नाव नको, डोंबिवली

१२ व्होल्टच्या डिस्कला १९ व्होल्ट दिलेत. बऱ्याच डिस्कांच्या हिरव्या बोर्डवर अशा वेळी स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा एक डायोड असतो, बहुतेक त्यानंच तुमच्यासाठी जीव दिलाय. चकत्या आणि हेड ठीक असण्याची शक्यता चांगली आहे, हे काम हेड बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. फक्त जुन्या बाजारातून तशीच डिस्क आणून बोर्डची अदलाबदल करू नका. नव्या डिस्कांमध्ये प्रत्येक बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं लिहिलेली असतात, दुसऱ्याचा बोर्ड लावला की हेडला आपली जागा कळत नाही. जाणकार माणूस ती चिप काढून नव्या बोर्डवर बसवतो. मूळ बोर्ड फेकू नका एवढंच.

आमच्या दिवाळी अंकाच्या १९९८ ते २००७ च्या फाइली जुन्या डिस्कवरून एकानं काढून दिल्या. पण उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तो म्हणतो डेटा करप्ट आहे. त्यातल्या काही लेखकांचं हस्तलिखितही आता कुणाकडे नाही.
– संपादक, पुणे

संपादक महाशय, तुमचा डेटा बहुधा ठणठणीत आहे, फॉन्ट नाहीये.

त्या काळात युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत, घरोघरी आलेलं नव्हतं. श्रीलिपी, सीडॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे डीव्हीबी-टीटीवाले सुरेख-योगेश, किरण, शिवाजी, हे सगळे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून चालायचे. फाइलीत साठलंय ते इंग्रजी अक्षरच, त्याला मराठी चेहरा देणारा फॉन्ट तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर नाही म्हणून कचरा दिसतो. करप्ट आहे की नाही ते ओळखायची सोपी खूण, कचऱ्यात शब्दांएवढे तुकडे, मध्ये स्पेस, परिच्छेद जागच्या जागी असतील तर मजकूर शाबूत आहे. पानंच्या पानं कोरी किंवा एकच चिन्ह ओळीनं असेल तर ती फाइल गेली.

फॉन्ट शोधत इंटरनेटवर भटकू नका, तो तुमच्याच जुन्या डिस्कवर आहे! सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स फोल्डर, तिथं शेवटी टीटीएफ असलेल्या सगळ्या फाइली आधी उचलून घ्या. ज्यानं रिकव्हरी केली त्यानं फक्त ‘डेटा’ म्हणून डी ड्राइव्ह उचलला असेल आणि सी फेकून दिला असेल तर त्याला आजच फोन करा. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या असू शकतात, म्हणून तुमचाच जुना फॉन्ट पाहिजे.

फाइली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या असतील तर त्याच कामाच्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ६.० ते ७.० चा पेजमेकर उघडतात, पुढच्या आवृत्त्यांनी ते बंद केलं. लिबरऑफिसही बऱ्याच उघडतं, मांडणी हलते पण मजकूर हाती लागतो. एकदा फॉन्टसकट नीट दिसलं की पहिलं काम फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढणं, म्हणजे पान जसं छापलं तसं कायमचं राहील. युनिकोडमध्ये बदलणं त्याच्यानंतर. त्यासाठी त्या त्या फॉन्टचे कन्व्हर्टर मिळतात, पण छापील अंक शेजारी ठेवून वाचावंच लागतं, कारण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, कन्व्हर्टर नेमका तिथं घसरतो. कवितांमध्ये तर शब्दागणिक बघा. हे काम कंटाळवाणं आहे आणि दुसऱ्या कुणाला पैसे देऊन नीट होत नाही, मुद्रितशोधनाचा हात असलेला माणूसच हवा, तो तुमच्याकडे असेलच.

आणि मूळ फाइली सेव्ह करू नका हं. चुकीच्या फॉन्टमध्ये उघडून ‘सेव्ह’ म्हटलं की काही प्रोग्राम आपल्या मनानं चिन्हं बदलतात. कॉपीवर काम करा.

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर बिटलॉकरची ४८ आकडी की मागतेय. मी कधी बिटलॉकर चालू केलंच नव्हतं!
– आयटीवाला, सध्या न्यू जर्सी

तुम्ही नाही केलं, विंडोजनं केलं. बिटलॉकर म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच वेळा एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर आणखीच. त्याच अकाउंटनं मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की सापडेल. अनेक असतील तर स्क्रीनवर दिसणाऱ्या की आयडीशी जुळणारी घ्या. लॅपटॉप कंपनीचा असेल तर की कंपनीच्या आयटीकडे. कुठंच नसेल तर मग नाही, लॅबवाला पण काही करू शकत नाही. घरी आई-बाबांना नवा लॅपटॉप घेऊन दिला असेल तर त्यांची की आजच कागदावर उतरवून ठेवा. आणि एम१ किंवा त्यापुढच्या चिपवाली मॅकबुक असेल तर तिथं काढून लावायचा प्रश्नच नाही, त्यांचं स्टोरेज त्याच बोर्डच्या चिपशी बांधलेलं असतं, बोर्ड दुरुस्त झाला तरच डेटा.

सगळा डेटा काढून झाला. आता जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही ना?
– गृहिणी, रत्नागिरी

ताई, कॉम्प्युटर द्या, डिस्क काढून घ्या. काढलेला डेटा नव्या जागी उघडतोय का ते दहा-वीस फोटो खरंच उघडून बघा, नुसती यादी बघून समाधान मानू नका. आणि त्याची दुसरी कॉपी दुसऱ्या घरात, बहिणीकडे म्हणा, ठेवा. मग जुनी डिस्क चालू असेल तर तिला पूर्ण फॉरमॅट मारा, क्विक नाही, कारण क्विकनंतर बँकेची स्टेटमेंटं नि आधारच्या झेरॉक्स कुणीही वरच्या फोटोरेकनंच काढू शकतो. बंद पडलेली असेल तर झाकण उघडून चकत्यांना ड्रिलनं भोकं पाडा. लॅपटॉपवाल्या छोट्या डिस्कमध्ये चकत्या बहुतेक काचेच्या असतात, फुटून उडतात, तेव्हा चष्मा लावून आणि जाड कापडात गुंडाळूनच.